आतड्याची जखम भरते कोण?

कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दाहाचे, दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणा. औषधांनी दोघांचेही जुलाब थांबले आहेत, शौचावाटे रक्त जाणे बंद झाले आहे, सैल झालेले कपडे पुन्हा अंगाला बसू लागले आहेत. विचारले तर दोघेही सांगतील, ‘आता बरं आहे.’ कोलोनोस्कोपी केली की मात्र चित्र वेगळे दिसते. एकाच्या मोठ्या आतड्याचे अस्तर गुलाबी, चकचकीत आहे आणि त्याखालची रक्तवाहिन्यांची नाजूक जाळी स्पष्ट दिसते. दुसऱ्याचे अस्तर अजून लालबुंद, दाणेदार, दुर्बिणीचा नुसता स्पर्श झाला तरी रक्ताळणारे. पुन्हा दवाखान्याची पायरी चढण्याची शक्यता या दुसऱ्याचीच अधिक. त्याला बरे वाटत होते. तो बरा झालेला नव्हता.

या फरकातून एक अख्खे अभ्यासक्षेत्र उभे राहिले, आणि ही प्रस्तावना त्या क्षेत्रात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी आहे. तो वैद्यकाचा विद्यार्थी असेल, जीवशास्त्र शिकवणारा शिक्षक असेल, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारा डॉक्टर असेल, किंवा घरात हा आजार शिरल्यामुळे नाइलाजाने वाचू लागलेला कुणी असेल. सगळ्यांना आत यायला जागा आहे. त्यासाठी रेण्वीय जीवशास्त्राची पदवी लागत नाही; नावांच्या गर्दीला न बिचकण्याची तयारी तेवढी लागते.

अल्सरेटिव्ह कोलायटिसचे पहिले ठळक वर्णन लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली केले. बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ऑपेनहायमर यांनी न्यू यॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला होणाऱ्या दाहावर १९३२ साली निबंध लिहिला. नावे वर्णानुक्रमाने छापली गेली, आणि आजार क्रोन यांच्या नावावर चढला. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोनची चाचणी प्रसिद्ध केली. तीव्र कोलायटिसने दगावणारे रुग्ण वाचू लागले. १९९८ साली अमेरिकेत क्रोनच्या आजारासाठी इन्फ्लिक्सिमॅबला परवानगी मिळाली आणि टीएनएफ या एका दाहकारक प्रथिनाला नेमके अडवता येऊ लागले. हा सगळा प्रवास एकाच प्रश्नाभोवती फिरला: दाह दाबायचा कसा? तो दाबला की जखम आपली आपण भरेल, हे बहुतेकांनी गृहीत धरले होते.

ते गृहीतक अर्धेच खरे निघाले. दाह ओसरणे आणि ऊती सावरणे ही दोन कामे आहेत. त्यांचा एकमेकांशी घट्ट संबंध आहे, पण एक झाले म्हणून दुसरे झालेच असे नाही. दुसऱ्या कामाला स्वतःच्या पेशी लागतात, स्वतःचे संदेश लागतात, स्वतःचा वेळ लागतो. इथे नवखा वाचक साहजिकच विचारतो, ‘मग जखम भरणाऱ्या पेशी कोणत्या?’ पुढच्या पानांवर बऱ्याच पेशींची ओळख होईल, पण माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. जखम भरणारी पेशी अशी वेगळी जात आतड्यात नाही. एखादी पेशी कुठे उभी आहे, केव्हा आली आणि शेजारी कोण आहे, यावर ती सावरणार की बिघडवणार हे ठरते. या क्षेत्रातले बरेचसे यश आणि जवळजवळ सगळे अपयश या एका गोष्टीशी येऊन थांबते.

सुरुवात अस्तरापासून करू. आतड्याच्या पोकळीत अब्जावधी जिवाणू, अर्धवट पचलेले अन्न, पित्त, पाचकरस. आणि पलीकडे रक्त. या दोहोंच्या मध्ये पेशींचा एकच थर असतो. जुन्या पाठ्यपुस्तकांत या अस्तराचा पसारा टेनिसच्या मैदानाएवढा सांगत. स्वीडनच्या हेलँडर आणि फँड्रिक्स यांनी २०१४ साली नव्याने मोजमाप केले तेव्हा तो साधारण ३२ चौरस मीटर भरला, म्हणजे बॅडमिंटनच्या कोर्टाच्या निम्म्याहून कमी. त्यात मोठ्या आतड्याचा वाटा जेमतेम दोन चौरस मीटरांचा. मैदान आक्रसले, तरी एका पेशीच्या जाडीने एवढा पृष्ठभाग सांभाळायचा हे काम काही लहान झाले नाही.

हा थर टिकतो तो सतत मरून. तीन ते पाच दिवसांत त्यातल्या बहुतेक पेशी गळून पडतात आणि नव्या त्यांची जागा घेतात. नव्या पेशी जन्मतात त्या अस्तरातल्या खोल खळग्यांच्या तळाशी. या खळग्यांना आपण क्रिप्ट म्हणू. १७४५ साली योहान लीबरक्यून यांनी त्यांचे वर्णन केले म्हणून त्यांना आजही त्यांचेच नाव आहे. मात्र त्या तळाशी नेमकी कोणती पेशी साऱ्यांची जननी आहे, हे कळायला आणखी अडीचशे वर्षे गेली. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठात चेंग आणि लब्लाँ यांनी १९७४ साली मांडले होते, की अस्तरातल्या सगळ्या जातींच्या पेशी एकाच मूलपेशीपासून येतात, आणि तळाशी दाटीवाटीने बसलेल्या बारीक, सडपातळ पेशींकडे त्यांनी बोटही दाखवले होते. पुरावा आला तो २००७ साली. नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर आणि सहकाऱ्यांनी एलजीआर५ हे प्रथिन बाळगणाऱ्या पेशींना खूण केली आणि त्यांची वंशावळ दिवसेंदिवस पाहिली. क्रिप्टच्या तळापासून रसांकुराच्या, म्हणजे अस्तराच्या बोटासारख्या उंचवट्याच्या, टोकापर्यंत खुणेची अखंड पट्टी चढत गेली. दोनच वर्षांनी, २००९ साली, त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी अशी एकच पेशी जेलमध्ये ठेवली, तिला मोजके वाढघटक दिले, आणि तिच्यापासून क्रिप्ट आणि रसांकुरांसारखे उंचवटे असलेले सूक्ष्म आतडे वाढवून दाखवले. याला ऑर्गनॉइड म्हणतात. या क्षेत्रात येणाऱ्याने एकच निबंध मुळातून वाचायचा ठरवले, तर मी हाच वाचायला सांगेन. त्यात आकडेमोड कमी आणि नवल जास्त आहे.

मूलपेशीच्या शेजारी पॅनेथ पेशी बसतात. व्हिएन्नाच्या योसेफ पॅनेथ यांनी १८८८ साली त्यांचे सविस्तर वर्णन केले. ते सिग्मुंड फ्रॉइड यांचे मित्र. ऐन तिशीत गेले. त्यांच्या पेशींकडे कित्येक दशके जिवाणूनाशक द्रव्ये सोडणाऱ्या रखवालदार म्हणूनच पाहिले गेले. मग लक्षात आले की मूलपेशीला मूलपेशी राहण्यासाठी लागणारे संदेशही त्याच पुरवतात. गंमत अशी की निरोगी मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला त्या जवळपास सापडत नाहीत, पण जुनाट कोलायटिसमध्ये नेमक्या तिथे उगवतात. ही दुरुस्तीची धडपड म्हणायची की बिघाडाची खूण, यावर बायोप्सी वाचणारे आणि पेशी वाढवणारे अजून एकमताने बोलत नाहीत.

आता जखम झाली असे धरा. अस्तराचा तुकडा गळून गेला, खालची ऊती उघडी पडली. मूलपेशी विभागून नव्या पेशी तयार होतील, त्या वर सरकतील, याला दिवस लागतात. तेवढा वेळ जिवाणूंना मोकळी वाट ठेवून चालत नाही. म्हणून जखमेच्या कडेवरच्या तयार पेशी आपला उभट आकार सोडून चपट्या होतात आणि उघड्या भागावर सरकत जातात. मिनिटांत सुरू होऊन काही तासांत लहानशी जखम झाकली जाते, आणि यात एकही नवी पेशी जन्मलेली नसते. भर पावसात भातखाचराचा बांध फुटला की कोकणातला शेतकरी हाताला येईल त्या मातीने आधी तोंड बुजवतो आणि पक्के काम उघडीप मिळाल्यावर करतो, तसाच हा क्रम. पक्के काम, म्हणजे नव्या पेशींची निर्मिती आणि नव्या क्रिप्टची बांधणी, मागून होते.

जखम खोल असेल आणि मूलपेशीच नष्ट झाल्या असतील तर? २०११ साली जेनेन्टेक कंपनीच्या संशोधकांनी उंदरांमधल्या एलजीआर५ पेशी मुद्दाम मारून पाहिल्या. अस्तर कोसळेल अशी अपेक्षा होती. ते कोसळले नाही. क्रिप्टमध्ये जरा वरच्या मजल्यावर बसलेल्या दुसऱ्या पेशींनी मूलपेशींची जागा भरून काढली. २०१८ साली कोपनहेगनच्या एका गटाने कोलायटिस झालेल्या उंदरांत, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या दुसऱ्या गटाने जंतांनी पोखरलेल्या आतड्यात आणखी एक गोष्ट पाहिली. जखमेवर वाढणारे अस्तर प्रौढ आतड्यासारखे न दिसता गर्भातल्या आतड्यासारखे दिसत होते. संकट आले की पेशी आपले वय मागे नेतात आणि काम झाले की पुन्हा प्रौढ होतात. या मागे जाण्याला एक धोकाही आहे: जी पेशी मागे जाते आणि परत येत नाही, तिची वाट कर्करोगाच्या वाटेला फार जवळून जाते. दीर्घकाळ कोलायटिस असणाऱ्यांना ठरावीक वर्षांनी कोलोनोस्कोपी का करायला सांगतात, त्याचे एक उत्तर इथे आहे.

गॉब्लेट पेशींबद्दल थोडक्यात. त्या बुळबुळीत श्लेष्म तयार करतात. मोठ्या आतड्यात या श्लेष्माचे दोन थर असतात, आणि आतला थर जवळपास जिवाणूमुक्त असतो, हे स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या हॅन्सन यांच्या गटाने २००८ साली दाखवले. श्लेष्माचे मुख्य प्रथिन ज्या उंदरांत नसते त्यांना बाहेरून काहीही न करता कोलायटिस होतो. अस्तर भरून आले, पण गॉब्लेट पेशी परतल्या नाहीत, तर ते भरणे कच्चे समजावे.

अस्तराखाली उतरले की प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मुलूख लागतो, आणि इथे लोकप्रिय विज्ञानलेखनाने आपले बरेच नुकसान केले आहे. शत्रू, सैन्य, हल्ला, किल्ला अशी भाषा इतकी अंगवळणी पडली आहे की या पेशी लढाईखेरीज दुसरे काही करतात हेच वाचकाच्या डोक्यात शिरत नाही. मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षी पेशी, ओळखल्या त्या इल्या मेच्निकॉव्ह यांनी. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती जमणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या; पुढे १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळाले. याच मेच्निकॉव्ह यांचे मत होते की माणसाचे मोठे आतडे हा निरुपयोगी, किंबहुना घातक अवयव आहे. शरीरातल्या महाभक्षी पेशींचा सर्वांत मोठा साठा आतड्याच्या अस्तराखालीच असतो, हे त्यांना कळते तर ते काय म्हणाले असते कुणास ठाऊक.

आतड्यातली महाभक्षी पेशी विचित्र शांत असते. ती जिवाणू गिळते, मारते, आणि तरीही आरडाओरडा करत नाही. इतरत्र तिच्या बहिणी जी दाहकारक रसायने सोडतील ती ही सोडत नाही. ही शांतता आपोआप येत नाही, ती शिकवावी लागते. रक्तातून मोनोसाइट पेशी सतत आतड्यात येत असतात आणि तिथल्या वातावरणात हळूहळू शांत महाभक्षी होतात. दाह पेटलेला असेल तर हे शिक्षण अर्ध्यावर तुटते. मोनोसाइट त्याच, रक्तवाहिन्या त्याच, पण आता त्या टीएनएफ आणि इतर दाहकारक द्रव्ये ओतत राहतात. अर्धवट शिकलेल्या या पेशी काढून टाकाव्यात की त्यांचे शिक्षण पुरे करावे? आज वापरात असलेली बहुतेक औषधे पहिल्या पर्यायाच्या जवळची आहेत. दुसरा पर्याय मला अधिक आशेचा वाटतो, आणि अधिक अवघडही.

या शिक्षणातला एक मुख्य धडा इंटरल्यूकिन-१० हे प्रथिन देते. १९९३ साली जर्मनीत हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना कोलायटिस झाला. जिवाणू कमी असलेल्या स्वच्छ वातावरणात तो सौम्य राहिला. १६ वर्षांनी, २००९ साली, हॅनोव्हरच्या क्रिस्टोफ क्लाइन यांच्या गटाने अगदी तान्ह्या वयात भयंकर कोलायटिस झालेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या मुलांत इंटरल्यूकिन-१० चा संदेश ऐकणाऱ्या ग्राहीतच दोष होता. एका मुलाला दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतून रक्तपेशी तयार करणाऱ्या मूलपेशी दिल्या आणि आतडे शांत झाले. आतड्याला हातही न लावता आतड्याची जखम भरली, कारण बहिरी होती ती रक्तातून येणारी पेशी. त्यानंतर २०१४ साली उंदरांवरच्या प्रयोगांनी बोट नेमके महाभक्षी पेशीवर ठेवले.

१९९३ हे या क्षेत्रातले मोठे वर्ष. त्याच वर्षी फिओना पॉवरी यांनी टी पेशींचा एक गट वेगळा काढून प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना दिला, तेव्हा त्यांना कोलायटिस झाला. सोबत दुसरा गट दिला, तेव्हा तो टळला. म्हणजे दाह पेटवणाऱ्या आणि आवरणाऱ्या दोन्ही पेशी एकाच निरोगी उंदराच्या अंगात शेजारी शेजारी नांदत होत्या. १९९५ साली शिमोन साकागुची यांनी आवरणाऱ्या टी पेशींची ओळखखूण दिली. २००१ साली मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हे जनुक शोधले. ते बिघडले की मुलग्यांना आयपेक्स नावाचा दुर्मीळ आजार होतो, आणि न थांबणारे जुलाब हे त्याचे ठळक लक्षण असते. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. पारितोषिकाच्या बातम्यांत कर्करोग आणि अवयवरोपणाची चर्चा अधिक झाली. पण या पेशींच्या इतिहासातली काही महत्त्वाची पाने उंदराच्या आतड्यात लिहिली गेली आहेत, हे इथे नोंदवतो.

आवरणे आणि सावरणे यांना जोडणारा दुवा आणखी एका पेशीत सापडतो. जन्मजात लसीकापेशींचा तिसरा गट, संशोधकांच्या बोलण्यात आयएलसी३, इंटरल्यूकिन-२२ सोडतो. हे प्रथिन प्रतिकारशक्तीच्या इतर पेशींशी बोलतच नाही. ते थेट अस्तराशी बोलते. २०१५ साली न्यू यॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्रातून आलेल्या कामाने दाखवले की ते क्रिप्टच्या तळाशी असलेल्या मूलपेशीलाच वाढीचा संदेश देते. म्हणजे जखमेची खबर आणि दुरुस्तीचा हुकूम यांच्या मधला दलाल ही पेशी आहे. पण हाच हुकूम महिनोन् महिने चालू राहिला तर प्रायोगिक प्राण्यांत तो गाठीही वाढवतो.

राहिल्या जोडऊतीच्या पेशी, फायब्रोब्लास्ट. त्यांना पाठ्यपुस्तकांत नेहमी शेवटचा परिच्छेद मिळतो, आणि तो अन्याय आहे. अस्तराखालच्या या पेशी मूलपेशीला संदेश पुरवतात आणि जखमेच्या वेळी प्रोस्टाग्लँडिन सोडून क्रिप्ट वाचवतात. (डोके दुखले की आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणाऱ्या कोलायटिसच्या रुग्णाला डॉक्टर का रागावतात, ते इथे कळते. या गोळ्या नेमके तेच प्रोस्टाग्लँडिन अडवतात.) जखमेला आधार देणारे कोलॅजनचे धागेही त्याच विणतात. विणणे वेळेवर थांबले नाही की आतडे आखडते, वाट अरुंद होते, आणि रुग्ण शेवटी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो. क्रोनच्या आजारातला हा आकुंचित भाग म्हणजे न भरलेली जखम नव्हे, जास्तच भरलेली जखम. पॉवरी यांच्याच गटाने २०१७ साली दाखवले की ज्या रुग्णांच्या आतड्यात ऑन्कोस्टॅटिन-एम हा संदेश जास्त असतो आणि फायब्रोब्लास्ट तो ऐकत असतात, त्यांच्यावर टीएनएफरोधक औषधे कमी चालतात. २०१९ साली बॉस्टनच्या गटाने १८ कोलायटिसग्रस्त आणि १२ निरोगी माणसांच्या मोठ्या आतड्यातल्या साडेतीन लाखांहून अधिक पेशी एकेक करून वाचल्या आणि त्यांचे ५१ गट पाडले. दाहाच्या जागी त्यांना फायब्रोब्लास्टचा एक वेगळाच, चिडलेला अवतार सापडला. हा नकाशा हाती आल्यापासून शेवटच्या परिच्छेदातली पेशी चर्चेत पुढे सरकली आहे.

हे सगळे वाचताना एक खबरदारी हवी. आपले बरेचसे ज्ञान उंदराचे आहे, आणि उंदराचा कोलायटिस बहुतेकदा पाण्यात डीएसएस हे रसायन मिसळून घडवलेला असतो. पाणी बदलले की उंदीर आपला आपण बरा होऊ लागतो. माणसाच्या कोलायटिसमध्ये बदलता येईल असे पाणी नसते. कारण आत, चालूच असते. म्हणून डीएसएसचे प्रयोग जखम भरण्याबद्दल पुष्कळ सांगतात आणि आजार संपण्याबद्दल फार थोडे. वर्तमानपत्रात ‘कोलायटिसवर नवा उपाय’ असा मथळा दिसला की प्रयोग कोणावर आणि कसा झाला हे आधी शोधायचे, ही सवय वाचकाने या दारातच लावून घ्यावी.

पेशीच औषध म्हणून देण्याचे प्रयत्नही या जागा-वेळेच्या हिशेबाने वाचावेत. क्रोनच्या आजारात होणाऱ्या गुंतागुंतीच्या भगंदरावर निरोगी दात्याच्या चरबीतून वाढवलेल्या मेसेन्कायमल (जोडऊतीच्या) पेशी टोचण्याची चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. २१२ रुग्ण, एका वेळी १२ कोटी पेशी. २४ आठवड्यांनी पेशी मिळालेल्यांपैकी सुमारे ५० टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ३४ टक्के रुग्णांचे भगंदर बुजले. २०१८ साली युरोपने त्याला औषध म्हणून मान्यता दिली. मोठा गाजावाजा झाला. पुढची, अधिक मोठी चाचणी झाली तेव्हा दोन्ही गटांचे आकडे जवळजवळ सारखेच निघाले, आणि २०२४ च्या डिसेंबरात ते औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतले गेले. त्याआधी २०१५ साली क्रोनच्या ४५ रुग्णांवर स्वतःच्याच रक्तमूलपेशींच्या रोपणाची चाचणी झाली होती. तिने ठरवलेले उद्दिष्ट गाठले नाही आणि एक रुग्ण दगावला. मला या दोन्ही चाचण्यांबद्दल आदर आहे. त्यांनी ‘नाही’ असे स्पष्ट उत्तर दिले, आणि अशी उत्तरे मिळायला धैर्य आणि पैसा दोन्ही लागतात.

आपल्याकडे मात्र स्टेम सेलच्या नावाने कुठल्याही दुखण्यावर उपाय सांगणाऱ्या जाहिराती राजरोस दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे, की मान्यताप्राप्त आजारांसाठीचे रक्तमूलपेशींचे रोपण वगळता मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करावा. आतड्याचा दाह त्या मान्य यादीत नाही. चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागितले, तर तिथून उठून यावे.

आपल्या देशात या विषयाला आणखी एक पदर आहे, जो पाश्चात्त्य ग्रंथांत तळटीपेएवढा असतो. हा आजार आपल्याकडे नसतोच अशी समजूत बराच काळ होती. पंजाबातल्या पाहणीने २००३ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण दर लाखामागे ४४.३ असल्याचे दाखवून ती मोडून काढली. तरीही ‘आव पडते’ म्हणून वर्षानुवर्षे जंतांच्या आणि अमिबाच्या गोळ्या खाणारा रुग्ण महाराष्ट्रातल्या कुठल्याही ओपीडीला नवा नाही. क्रोनची गोष्ट अधिक कठीण, कारण त्याचा हुबेहूब सोंगाड्या आपल्याकडे ठाण मांडून आहे: आतड्याचा टीबी. दोन्ही आजारांची आवडती जागा लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर. दोन्हींत व्रण, दोन्हींत आकुंचन, दोन्हींत बायोप्सीवर महाभक्षी पेशींच्या गाठी. निदान होत नाही तेव्हा टीबीची औषधे सुरू करतात आणि साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. व्रण भरलेले दिसले तर टीबी; न भरता तसेच राहिले तर क्रोनचा विचार. म्हणजे जखम भरणे हे इथे उपचाराचे ध्येय नुसते नाही, ती निदानाची कसोटी आहे. रुग्णाला नुसते बरे वाटण्यावर ही कसोटी टाकता येत नाही, कारण क्रोनच्या रुग्णालाही टीबीच्या औषधांवर काही काळ बरे वाटू शकते, आणि त्या काळात फायब्रोब्लास्ट विणतच असतात. उलट दिशेलाही सापळा आहे. ज्या टीएनएफला क्रोनमध्ये अडवायचे, तेच टीएनएफ टीबीचे जंतू महाभक्षी पेशींच्या गाठीत बंद करून ठेवते. ते अडवले की अनेक वर्षे निद्रिस्त असलेला टीबी उठतो. म्हणून ही औषधे देण्याआधी आपले डॉक्टर छातीचा फोटो आणि टीबीच्या तपासण्या करून घेतात. एकच संदेश, एकच पेशी. एका आजारात ती गुन्हेगार आणि दुसऱ्यात कोठडीची रखवालदार. या प्रश्नावर आपल्या डॉक्टरांचा अनुभव जगातल्या कुणाहून कमी नाही, आणि मराठीतून विज्ञान वाचणाऱ्या विद्यार्थ्याला संशोधनासाठी प्रश्न हवा असेल तर तो शोधायला बॉस्टनला जायची गरज नाही.

शेवटी टोकियोकडे वळू, कारण सध्या सर्वांत उत्कंठा तिथे आहे. टोकियो वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यापीठाच्या मामोरू वातानाबे यांच्या गटाने २०१२ साली उंदराच्या मोठ्या आतड्यातून घेतलेली मूलपेशी ऑर्गनॉइड म्हणून वाढवली आणि दुसऱ्या उंदराच्या जखमी आतड्यात सोडली. ती तिथे रुजली आणि तिच्यापासून कामाचे अस्तर तयार झाले. २०२२ साली त्याच विद्यापीठात अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातून वाढवलेले ऑर्गनॉइड त्याच्या न भरणाऱ्या व्रणावर बसवण्यात आले. माणसावरचे हे पहिले पाऊल. स्वतःच्या पेशी असल्याने शरीर त्या नाकारण्याची भीती नाही. पण २०२० साली क्योतो आणि केइओ विद्यापीठांतल्या दोन जपानी गटांनी स्वतंत्रपणे दाखवले होते, की दीर्घकाळ कोलायटिस सोसलेले अस्तर जनुकांच्या पातळीवर पहिल्यासारखे राहत नाही. इंटरल्यूकिन-१७ चा संदेश वाहून नेणाऱ्या जनुकांत बदल झालेल्या पेशी तिथे पसरतात, कारण दाहाच्या वातावरणात त्याच तग धरतात. त्यांतले काही बदल कोलायटिसमधून होणाऱ्या कर्करोगात क्वचितच सापडतात, म्हणजे सगळेच बदल वाईट असे म्हणण्याचीही सोय नाही. मग रोपणासाठी पेशी घ्यायची ती दाहाची झळ न लागलेल्या भागातली, की दाहात तगून राहायला शिकलेली? पहिली निरोगी, पण पुन्हा त्याच दाहात पडली तर टिकेल का? दुसरी चिवट, पण पुढच्या वीस वर्षांत ती काय करेल? बायोप्सीचा चिमटा आतड्याच्या कुठल्या भागाकडे वळवायचा, हे तूर्त याच प्रश्नावर अडले आहे.